राणी पुन्हा पुन्हा बसते? बदलण्याआधी तिला भरवणाऱ्या माश्यांकडे बघा

ही पोस्ट कोकणात सातेरी मधमाश्या पाळणाऱ्यांसाठी आहे. पेट्या दोन असोत की वीस, तक्रार एकच असते. राणी आणली, दोन-तीन महिने बरी चालली, मग अंडी विरळ झाली, म्हणजे राणी बसली. माश्यांनी तिला काढून दुसरी केली, तीही तशीच निघाली. मग फोन येतो: "राणी परत बसली रे, माका दुसरी दी." राणी द्यायला माझी ना नाही. पण त्याच पेटीत तिसऱ्या राणीचंही तेच होणार असेल, तर हा आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला असा प्रकार आहे. अशा पेट्या उघडून बघितल्यावर बहुतेक वेळा बिघाड राणीत सापडत नाही, तिला भरवणाऱ्या दाई माश्यांत सापडतो. आणि त्यांचं बिघडलेलं असतं ते पोट.

लक्षणं

यातली दोन-तीन एकत्र दिसली तरच पुढच्या तपासण्या करा.

- मेणाने झाकलेल्या पिल्लांच्या पट्ट्यात मधेमधे रिकामी घरं. शेजारच्या घरात झाकलेलं पिल्लू, त्याला लागून अंडं, त्याला लागून काहीच नाही.
- राणी आहे, चालते-फिरते, पण पोट आखूड आणि दाई माश्यांचा घोळका तिच्याभोवती तुटपुंजा.
- वसाहत फुटायचा हंगाम नसताना एक-दोन राणीघरं बांधलेली, आणि हे वर्षात पुन्हा पुन्हा.
- कामकऱ्यांच्या घरांवर नरांची फुगीर झाकणं. सातेरीत ओळख सोपी आहे, नराच्या झाकणाला मधोमध टाचणीने टोचल्यासारखं भोक असतं.
- दारात आणि तळपाटावर पिवळट-तपकिरी शिंतोडे, पोट फुगून रांगणाऱ्या माश्या.

आषाढ-श्रावणात अंडी कमी होणं मात्र यात धरू नका. बाहेर खायला नसताना सातेरी पिल्लं कमी करते, ते तिचं शहाणपण आहे.

राणीच्या अंड्यांचा पोटातल्या जिवाणूंशी काय संबंध?

हे समजलं की पुढच्या तपासण्यांचा क्रम आपोआप पटतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

राणी फुलावर जात नाही आणि पराग खाऊन पचवण्याच्या फंदातही सहसा पडत नाही. तिला आयुष्यभर दाई माश्या तोंडाने रॉयल जेली भरवतात. ही जेली दाईच्या डोक्यातल्या ग्रंथीत तयार होते आणि ग्रंथी भरते ती परागातल्या प्रथिनांवर. पराग पचवायला माशीला मदत करतात तिच्या आतड्यातले जिवाणू: गिलियामेला, स्नॉडग्रासेला, लॅक्टोबॅसिलस, बिफिडोबॅक्टेरियम ही त्यांतली ठरलेली मंडळी. युरोपीय मधमाशीत ती असतात तशीच आपल्या सातेरीतही असतात. टेक्सास विद्यापीठातल्या नॅन्सी मोरन यांच्या गटाने 2017 साली दाखवलं की हे जिवाणू असलेल्या कामकरी माश्यांचं वजन जिवाणू नसलेल्यांपेक्षा जास्त भरतं आणि व्हायटेलोजेनिन या प्रथिनाचं जनुक त्यांच्यात जोरात चालतं. हेच प्रथिन राणीत अंड्याचा बलक भरतं आणि दाईत जेली करायला लागतं. म्हणजे दाईचं पोट बिघडलं की जेली हलकी होते, आणि जेली हलकी झाली की राणी अंड्यांचा हात आखडता घेते.

राणीचं स्वतःचं आतडं वेगळं असतं. कामकऱ्यांत हमखास सापडणारे गिलियामेला आणि स्नॉडग्रासेला तिच्यात फार कमी असतात. त्याऐवजी आम्लात तग धरणारे जिवाणू तिथे घर करतात. जेली आम्लच असते, सामू चारच्या आसपास, त्यामुळे हे साहजिक आहे. त्यांतला बोम्बेला एपिस नावाचा जिवाणू जेलीत, दाईच्या ग्रंथीत आणि अळ्यांतही सापडतो. अमेरिकेत 2022 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की आहार निकस असताना हा जिवाणू अळ्यांना सावरतो आणि लायसिन हे अमिनो आम्ल पुरवतो. तो काही बुरशींनाही रोखतो. कोकणातल्या ओलीत हे छोटं काम नाही.

एक सावधानी. राणीच्या आतड्यातले जिवाणू आणि तिची अंडी यांचा संबंध दिसतो, पण अमुक जिवाणू घातला की इतकी अंडी वाढतात असा हिशेब कोणी मांडलेला नाही. असा हिशेब सांगून पुडी विकणारा भेटला तर पैसे खिशातच ठेवा.

शेवटची गोष्ट, आणि तपासताना हीच सगळ्यात जास्त कामाला येते. घरातून नुकतीच बाहेर पडलेली माशी पोटाने जवळजवळ कोरी असते. पहिल्या काही दिवसांत मोठ्या माश्यांच्या सहवासातून आणि पोळ्यावरून तिला जिवाणू मिळतात. ही साखळी जिथे तुटते तिथे पुढची सगळी पिढी कमजोर निघते.

1. आधी कॅलेंडर बघा

फुकटची तपासणी, आणि हीच लोक विसरतात. तक्रार जून ते सप्टेंबरमधली असेल तर राणीला हात लावू नका. सलग पावसात माश्या बाहेर पडत नाहीत, पराग येत नाही, अंडी उतरतात. या दिवसांत राणी मारून नवी करायला लावली की खरं संकट सुरू होतं. नव्या राणीला पहिल्या एक-दोन आठवड्यांत उडून नरांशी संग करावा लागतो. बाहेर धो धो पाऊस, वसाहतींनी नर काढून टाकलेले. तीन-चार आठवडे संग झाला नाही की ती कायमची नुसती नर घालणारी राणी होते. गणपतीत "राणी फेल गेली" म्हणून दाखवलेल्या कितीतरी पेट्यांची सुरुवात आषाढात चांगली राणी चिरडण्यापासून झालेली असते.

नवरात्रानंतर ऊन पडून पराग यायला लागल्यावरही तीन आठवड्यांत पट्टा भरला नाही, तर मात्र पुढे चला.

2. पेटी कुठे ठेवली आहे

पेटीवर हात ठेवा. दुपारी पत्रा चटका देत असेल तर जागा बदला. पिल्लांच्या भागाचं तापमान माश्या 33 ते 36 अंशांदरम्यान राखतात. 38 अंशांच्या वर राणीच्या शुक्रकोशात साठवलेल्या शुक्राणूंना धोका असतो, हे मोजून दाखवलेलं आहे. ते शुक्राणू एकदाच मिळालेले असतात, पुन्हा भरले जात नाहीत. मार्चमध्ये उष्णतेची लाट आली की पत्र्याच्या मांडवाखालची पेटी आणि फणसाखालची पेटी यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. पेटी वाडीतून वाडीत हलवायची तर रात्री हलवा. टेम्पोच्या बंद हौद्यात दुपारी नेलेली राणी दिसायला धडधाकट असते, आतून गेलेली असते.

पावसाळ्यात उलट बाजू तपासा: तळपाट पुढे किंचित कललेला आहे का, आत पाणी साचतं का, झाकणाला बुरशी आहे का. स्टँडच्या पायाखालच्या वाट्यांत पाणी आहे का तेही बघा. रोज मुंग्यांशी लढणाऱ्या वसाहतीत दाईकाम मागे पडतं.

3. अळीभोवतीचं दूध बघा

मला एकच तपासणी करू दिली तर मी ही करीन. सकाळी ऊन आलं की हलका धूर द्या, पिल्लांची फ्रेम उचला आणि ऊन आपल्या खांद्यावरून थेट घरांच्या तळाशी पडेल अशी धरा. सातेरीची घरं लहान, म्हणून मोबाईलने जवळून फोटो काढून तो मोठा करून बघणं सोपं पडतं.

आधी अंडी. एका घरात एकच, तळाच्या मधोमध, उभं असेल तर ते आजचं. तिसऱ्या दिवसापर्यंत ते आडवं होतं. उभं अंडं दिसलं म्हणजे राणी पेटीत आहे, ती शोधायला सगळ्या फ्रेमा उलथ्यापालथ्या करू नका. एका घरात तीन-चार अंडी, तीही भिंतीला चिकटलेली, म्हणजे राणी नाही आणि कामकरी माश्या अंडी घालत आहेत. सातेरीत राणी गेल्यावर हे लवकर सुरू होतं. तो वेगळा रोग, ही पोस्ट तिथे लागू नाही. अशी वसाहत दुसऱ्या राणीवाल्या वसाहतीत जोडून टाका.

मग एक-दोन दिवसांच्या अळ्या. चांगल्या पेटीत ही अळी पांढऱ्या दुधात अक्षरशः तरंगत असते, घराचा तळ ओला चमकतो. बिघडलेल्या पेटीत अळी कोरड्या तळावर नुसती वळून पडलेली असते, बाजूला दूध नसतंच किंवा कडेला पुसटशी रेघ. ज्या दाया अळीला दूध देऊ शकत नाहीत त्या राणीलाही देत नाहीत. अंडी भरपूर आणि अळ्या कोरड्या असं दिसलं तर राणीला दोष देणं तिथेच थांबवा. रिकामी घरंही बऱ्याचदा याचमुळे असतात, कारण प्रथिनं कमी पडली की माश्या अंडी आणि कोवळ्या अळ्या खाऊन टाकतात. राणीने घातलेलं असतं, दायांनी ते परत घेतलेलं असतं.

4. परागाचा साठा

पिल्लांच्या वरच्या कमानीत रंगीत पराग ठासलेली घरं हवीत. दोन बोटं रुंद पट्टासुद्धा नसेल तर अळ्या कोरड्या का, याचं उत्तर मिळालं. कोकणात नारळ बारमाही फुलतो, त्यामुळे बागेजवळच्या पेट्या तगतात. पावसाळ्यात परसातले काकडी-पडवळ-भोपळ्याचे वेल, लाजाळू आणि पुढे भाताची फुलं थोडा आधार देतात. डोंगरकपारीला नुसत्या काजूत ठेवलेल्या पेट्या मात्र काजूचा मोहर संपला आणि करवंद-जांभूळ उरकले की उपाशी पडतात.

उपाय: तेल काढलेलं सोया पीठ, पिठीसाखर आणि आपल्याच निरोगी पेटीतला मध मळून सुपारीएवढा गोळा फ्रेमांवर ठेवा. दोन-तीन दिवसांत खाल्ला नाही तर काढा, नाहीतर मेणकिडा त्यावर संसार मांडतो. सातेरी हा गोळा नखरे करत खाते. म्हणून जमलं तर पेटीच नारळी-पोफळीच्या जवळ हलवा, हा उपाय गोळ्यापेक्षा सरस.

5. तुम्ही काय पाजता

प्रामाणिक उत्तर द्या. गूळ, काकवी, उसाचा रस? बंद करा. यांतली खनिजं आणि अपचनीय भाग माशीच्या आतड्यात साठतात आणि पावसात बाहेर उडून मलविसर्जन करता येत नाही. मग पेटीत शिंतोडे होतात आणि रोग एकीकडून दुसरीकडे जातो. पांढरी साखर आणि पाणी, बस. पावसाळ्यात पाक जरा दाट ठेवा आणि संध्याकाळी द्या. कोकणच्या दमट हवेत पातळ पाक एक-दोन दिवसांत आंबतो. आंबलेला पाक टाकून द्या, पुन्हा उकळून देऊ नका, जास्त तापवल्यावर त्यात माश्यांना विषारी असं रसायन तयार होतं.

हल्ली पाकात दही-ताक किंवा माणसांच्या प्रोबायोटिक गोळ्या घालायचं खूळ आलं आहे. "पोटातले जिवाणू" ऐकलं की ताक आठवणं समजू शकतो. पण माशीच्या आतड्यातले लॅक्टोबॅसिलस लाखो वर्षं माशीतच राहून तिला जुळलेले आहेत, दह्यातले तिथे मुक्काम करत नाहीत. वर दुधातली साखर माशीला पचत नाही.

विकतचा मध पाजणं तर सगळ्यात वाईट. कुणाच्या रोगट पेटीतला तो मध आहे, कळायला मार्ग नाही.

6. औषध घातलं होतं का

हा प्रश्न मी शेवटी विचारला तर लोक नाही म्हणतात, सुरुवातीला विचारला तरीही नाही म्हणतात. म्हणून मी शेडमधली कपाटं बघतो. टेट्रासायक्लीनची गुरांची पावडर पाकात चिमूटभर घालायची सवय बऱ्याच ठिकाणी आहे, "रोग येऊ नये म्हणून". रोग नसताना ती घातली तर मरतात ते आतड्यातले चांगले जिवाणूच. मोरन यांच्याच गटाने 2017 साली टेट्रासायक्लीन दिलेल्या माश्या पेटीत परत सोडल्या, तर त्या न दिलेल्यांपेक्षा कमी जगल्या आणि संधिसाधू जंतूंना लवकर बळी पडल्या. प्रतिजैविकाचे अंश मधात उतरतात आणि मध नाकारला जातो, हा तोटा वेगळाच.

औषध थांबवलं की सगळं लगेच रुळावर येत नाही. जुन्या, रोगमुक्त, जोरदार पेटीतून झाकलेल्या पिल्लांची एक फ्रेम, तिच्यावर बसलेल्या सगळ्या वयाच्या माश्यांसकट द्या (त्या पेटीची राणी त्यात येत नाही ना, बघा). नव्याने जन्मणाऱ्या माश्यांना निरोगी पोटाची मोठी माणसं मिळाली की साखळी पुन्हा जुळते. नुसती झाकलेली पिल्लं झटकून दिलीत तर हा फायदा मिळणार नाही.

7. शेजारच्या बागेत फवारणी

आंब्याच्या मोहोर संरक्षणात लॅम्बडा सायहॅलोथ्रीन, इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम ही नेहमीची नावं. पहिलं माश्यांना जागेवर मारतं, दारात खच पडतो, ते लगेच कळतं. बाकीची दोन निओनिकोटिनॉइड गटातली कीटकनाशकं, ती फसवी. कमी मात्रेत माश्या मरत नाहीत, पण इमिडाक्लोप्रिडने राणीची अंडी कमी होतात आणि थायामेथोक्झामच्या गटातल्या औषधांनी राणीच्या शुक्रकोशातले जिवंत शुक्राणू घटतात, हे प्रयोगांत दिसलं आहे. दर वर्षी पौष-माघातच राणी बसत असेल तर बागवाल्या काकांकडे जाऊन फवारणीच्या तारखा मागा. भांडायला जाऊ नका. त्यांच्या बागेतल्या काजूलाही तुमच्या माश्या लागतात, हे सांगितलं की संध्याकाळी फवारायला आणि आदल्या दिवशी कळवायला बरेच जण तयार होतात.

8. फ्रेमांची अदलाबदल

इथपर्यंत काही सापडलं नाही तरच हे करा. पेटीत एकही मेलेली अळी दिसत असेल तर अजिबात करू नका, रोग असला तर तो फ्रेमेबरोबर दुसऱ्या पेटीत जाईल. अशा रोगांच्या खुणा खाली "कधी थांबायचं" मध्ये आहेत.

बिघडलेल्या पेटीतली ताज्या अंड्यांची फ्रेम चांगल्या पेटीत द्या, चांगलीतली तशीच फ्रेम बिघडलेलीत. दोन्हींचे फोटो काढा. अंडं तीन दिवसांनी फुटतं आणि अळी साधारण आठव्या-नवव्या दिवशी झाकली जाते, म्हणून दहाव्या दिवशी पुन्हा फोटो काढा. बिघडलेल्या राणीची अंडी चांगल्या पेटीत नीट वाढली आणि चांगल्या राणीची अंडी इकडे येऊन विरळ झाली, तर राणी निर्दोष. 2019 साली अमेरिकेत संशोधकांनी सरळ राण्यांचीच अदलाबदल केली होती. विरळ पिल्लांच्या पेटीतल्या राण्या चांगल्या पेटीत गेल्यावर 21 दिवसांत त्यांचा पट्टा सुधारला.

उलट झालं, म्हणजे त्या राणीची अंडी चांगल्या पेटीतही विरळच राहिली, तर दोष राणीचा. मग विचार करा की ती कुठे संग करून आली. एका वाडीत एकाच मूळ वसाहतीतून फोडलेल्या पेट्या असतील तर राणी भावकीतल्याच नरांशी संग करते आणि तिच्या अंड्यांपैकी अर्ध्यापर्यंत अंड्यांतून सदोष नर निघतात, जे माश्या अळी असतानाच खाऊन टाकतात. अशा वेळी राणी बदलाच, पण दुसऱ्या गावातून आणा, आणि पावसाळा सोडून. डबीतून आणताना सोबत पाच-सहा दाया असू द्या, एकटीला दिवसचे दिवस कोंडून ठेवू नका.

कधी थांबायचं

अळ्या डोकं वर करून, होडीसारख्या वळून मेल्या असतील आणि चिमट्याने उचलल्यावर पाण्याच्या पिशवीसारख्या लोंबत असतील, तर तो थाई सॅकब्रूड विषाणूचा रोग समजा. 1991-92 पासून त्याने दक्षिण भारतातल्या सातेरीच्या वसाहती प्रचंड प्रमाणात संपवल्या आहेत. यावर पोटाचे कुठलेही उपाय चालत नाहीत. पिवळट पडून वितळलेल्या, आंबूस वास येणाऱ्या अळ्या म्हणजे युरोपियन फाउलब्रूडचा संशय, त्यालाही अंदाजाने औषध घालू नका. दारात एका दिवसात ओंजळभर माश्या मेलेल्या, किंवा उन्हाळ्यातही शिंतोडे थांबत नाहीत (नोझेमा हा आतड्याचा रोग असू शकतो, तो सूक्ष्मदर्शकाशिवाय कळत नाही), किंवा वरचं सगळं करून बाहेरगावची राणी घातली आणि तीही बसली, तरीही हात आवरा. अशा राण्यांत विषाणूंमुळे अंडाशय आक्रसलेलं असू शकतं आणि ते घरी बघता येत नाही. राणी चिरून आतडं तपासायच्या भानगडीत तर पडूच नका.

दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ, तुमच्या जिल्ह्यातलं कृषी विज्ञान केंद्र, महाबळेश्वरचं मध संचालनालय किंवा पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था यांपैकी जवळ पडेल तिथे आधी फोन करा आणि नमुना कसा हवा ते विचारून घ्या. पोळ्याचा तुकडा पाठवायला सांगितला तर मेलेल्या अळ्या असलेला, तळहाताएवढा, मध नसलेला घ्या आणि वर्तमानपत्रात गुंडाळा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलात तर पोचेपर्यंत त्याला बुरशी येते आणि नमुना वाया जातो. कधीपासून त्रास आहे, काय पाजलं, कुठलं औषध घातलं, शेजारी कधी फवारणी झाली, हे कागदावर लिहून सोबत द्या. त्यांचं उत्तर येईपर्यंत त्या पेटीची पटाशी (फ्रेमा उचकटायचं हत्यार) आणि हातमोजे दुसऱ्या पेटीला लावू नका.